नाताळच्या मेजवानीची तयारी: कोणता पदार्थ केव्हा करावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाताळच्या संध्याकाळी घरी पंचवीसेक पाहुणे जेवायला यायचे आहेत आणि फ्रूट केक, फज (दूध-साखरेची मऊ वडी), टॉफी, बिस्किटे यांसह मुख्य जेवणही घरीच करायचे आहे. मागच्या वर्षी केक कोरडा होऊन कापताना त्याचा चुरा झाला, फज रवाळ झाले, टॉफी दोन दिवसांत चिकट झाली, आणि सणाच्या आधीचे दोन दिवस यजमानांना स्वयंपाकघरातून बाहेर पडता आले नाही. तेव्हा काय करावे, केव्हा करावे आणि कोणत्या क्रमाने करावे?

घरगुती आणि मागणीवरच्या बेकिंगच्या अनुभवावरून मी सांगेन की या सगळ्या तक्रारींचा संबंध पदार्थातील पाण्याशी आहे. पदार्थ किती दिवस टिकेल, हे त्यात एकूण पाणी किती आहे यापेक्षा त्यातले मोकळे पाणी किती उरले आहे यावर ठरते. साखर, मध आणि सुकी फळे पाण्याला धरून ठेवतात, मद्य बुरशीला अटकाव करते, आणि आच पाणी उडवून लावते. हे ध्यानात घेतले की कामाचा क्रम आपोआप लागतो. फ्रूट केक, वाफवलेले नाताळचे पुडिंग, मध घातलेली मसालेदार बिस्किटे हे पदार्थ मुरल्यावर अधिक चांगले लागतात, म्हणून ते तीन ते सहा आठवडे आधी करावेत. टॉफी, फज, लोण्याची खुसखुशीत बिस्किटे आणि मार्झिपान (बदाम-साखरेचा मळलेला गोळा) मुरून सुधारत नाहीत, पण नीट ठेवले तर आठ-पंधरा दिवस बिघडतही नाहीत. ते डिसेंबरच्या मध्यावर करावेत. साय, कस्टर्ड, स्पंज आणि मांस यांचे पदार्थ मात्र तासातासाने उतरत जातात, म्हणून ते आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी व्हावेत. बहुतेक घरांत नेमके उलटे घडते. केक सर्वांत महत्त्वाचा म्हणून तो अगदी शेवटी, ताजा करायचा बेत असतो, आणि मग केक, मांस आणि मलई हे सारे एकाच दिवशी एका ओव्हनपुढे रांगेत उभे राहते.

सुरुवात फ्रूट केकपासूनच करावी. इंग्लंडमध्ये पुडिंगचे मिश्रण ढवळण्यासाठी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या काळाच्या, आधीचा शेवटचा रविवार नेमलेला असतो. तो दरवर्षी २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान येतो, म्हणजे नाताळला साधारण महिनाभर उरलेला असतो. ही रूढी केवळ धार्मिक नाही, तिच्यात पाकशास्त्राचा हिशेबही आहे, कारण मद्यात मुरवलेल्या फळांच्या केकला किंवा पुडिंगला चव धरायला तेवढा अवधी लागतोच. ताज्या फ्रूट केकमध्ये फळे ओली आणि भोवतालचा गर त्या मानाने सुका असतो. दिवस जातील तसा फळांतला ओलावा गरात उतरतो, मसाल्यांचा तिखटपणा मवाळ होतो, आणि केक सुरीखाली सुटेनासा होतो. आपला केक कापताना फुटला यात केवळ भाजण्याचा दोष नसावा. त्याला पुरेसे दिवसही मिळाले नसावेत.

वीस सेंटिमीटर व्यासाच्या खोलगट गोल टिनसाठी मी पुढील प्रमाण वापरते: मैदा, लोणी आणि ब्राऊन शुगर प्रत्येकी २२५ ग्रॅम, अंडी ४, आणि फळे एकंदर ९०० ग्रॅम. फळांत काळ्या मनुका आणि बेदाणे निम्म्याहून जास्त असावेत. उरलेल्या वजनात साखरेत मुरवलेली संत्र्याची साल, चेरी आणि जर्दाळू घ्यावेत. यांत ५० ग्रॅम बदामाचे तुकडे, एक मोठा चमचा काकवी, एका संत्र्याची किसलेली साल, आणि दालचिनी, जायफळ, लवंग व सुंठ यांची मिळून दोन लहान चमचे पूड घालावी. मैदा, लोणी आणि साखर समान आणि फळे त्यांच्या चौपट, हे प्रमाण एकदा लक्षात राहिले की टिन लहान-मोठा झाला तरी वजने काढता येतात. या केकमध्ये बेकिंग पावडर घालू नये असे माझे ठाम मत आहे. इतक्या जड मिश्रणाला फुगण्याची गरज नसते. फुगवले तर वरचा भाग फुटतो आणि आतला गर ठिसूळ होतो.

फळे भिजवण्याची पायरी कधीही गाळू नये, कारण कोरडेपणाचे पहिले कारण तिथेच असते. सुकी फळे तशीच मिश्रणात गेली तर ती भाजताना आणि नंतर साठवणीतही भोवतालच्या गरातले पाणी शोषून घेतात. ९०० ग्रॅम फळांना १०० ते १५० मिलिलिटर रम किंवा ब्रँडी पुरते. झाकणाच्या काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवून रोज एकदा हलवावीत. मद्य नको असेल तर तेवढाच गरम संत्र्याचा रस किंवा कोरा चहा घालून रात्रभर झाकून ठेवावीत. सकाळी तळाशी द्रव उरला असेल तर तो निथळून घ्यावा. मिश्रण पातळ झाले तर फळे तळाला बसतात, आणि केवळ मैद्यात घोळवल्याने ती तरंगत नाहीत.

लोणी आणि साखर फिकट रंगावर येईपर्यंत फेटावी. अंडी खोलीच्या तापमानाला आलेली असावीत. थंड अंडी घातली की लोणी आकसते आणि मिश्रण फाटते. अंडे एकेक करून घालावे आणि प्रत्येकाबरोबर एक चमचा मैदा टाकावा. उरलेला मैदा, मसाले आणि फळे डावाने हलक्या हाताने मिसळावीत. टिनला आतून बटर पेपरचे दोन थर द्यावेत आणि बाहेरून जाड खाकी कागदाची दुहेरी पट्टी दोऱ्याने बांधावी, म्हणजे कडा आधी करपत नाहीत. ओव्हन १४० अंश सेल्सिअसवर ठेवून केक चार ते साडेचार तास भाजावा. वरचा रंग लवकर चढू लागला तर अर्ध्या वेळेनंतर वर कागद झाकावा. मधोमध खुपसलेली सळई स्वच्छ निघाली, किंवा स्वयंपाकाच्या थर्मामीटरने आतले तापमान ९६ ते ९८ अंश दाखवले, की केक झाला. घरगुती ओव्हनचे बटण आणि आतले खरे तापमान यांत दहा-वीस अंशांचा फरक सहज असतो, आणि चार तासांच्या भाजणीत तो फरक केक सुकवायला पुरेसा ठरतो. म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक जरूर घ्यावा. नाताळच्या स्वयंपाकात याहून उपयोगी खरेदी मला दुसरी सुचत नाही.

केक टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्यावा. मग तळाला दाभणाने भोके पाडून दोन चमचे ब्रँडी किंवा रम हळूहळू जिरवावी, केक आधी बटर पेपरमध्ये आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावा. फॉइल थेट केकला लावू नये, कारण फळांतील आम्ल त्याला खाऊन टाकते. आठवड्या-दीड आठवड्याने पुन्हा एक-दोन चमचे मद्य द्यावे आणि नाताळच्या आधीचा आठवडा काहीही घालू नये, नाहीतर केक ओला आणि उग्र लागतो. रसात किंवा चहात भिजवलेल्या फळांचा केक मात्र या रीतीने आठवडेच्या आठवडे बाहेर ठेवता येत नाही. त्याला मद्याचे संरक्षण नसते आणि दमट हवेत त्यावर बुरशी येऊ शकते. तो चार-पाच दिवस आधी करावा, किंवा नोव्हेंबरात करून, नीट गुंडाळून, फ्रीझरमध्ये ठेवावा आणि आदल्या दिवशी गुंडाळलेल्या अवस्थेतच बाहेर काढावा. गुंडाळी आधी उघडली तर हवेतला ओलावा थेट केकवर जमतो. या आकाराच्या केकचे पन्नास-साठ ग्रॅमचे तीसेक तुकडे होतात, म्हणजे पंचवीस जणांना एक केक पुरतो. नाताळचा काळ ६ जानेवारीपर्यंत धरतात. तेवढे दिवस पुरवायचा असेल तर दोन करावेत.

जर्मनीतील ड्रेस्डेन शहराची ओळख असलेली श्टोलेन ही सुक्या फळांची गोड पावरोटीही याच वर्गातली. आगमनकाळ पूर्वी उपवासाचा मानला जाई आणि त्यात लोणी वर्ज्य होते, त्यामुळे ही पावरोटी तेलावर केली जाई आणि ती नीरस होत असे. ड्रेस्डेन ज्या प्रांतात आहे त्या सॅक्सनीच्या राजपुत्रांनी सवलत मागितली आणि १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवे यांनी लोणी वापरण्यास परवानगी दिली. आज या पदार्थात लोणी दोन कामे करते. कणकेत ते मऊपणा आणते, आणि ओव्हनमधून निघालेल्या गरम पावरोटीला वितळलेल्या लोण्यात बुडवून पिठीसाखरेत घोळवले की त्या थराने आतला ओलावा बाहेर जात नाही. म्हणूनच यीस्टवर फुगवलेली असूनही ती दोन-तीन आठवडे मुरत ठेवता येते. पहिल्यांदाच करणाऱ्याने मात्र मोठ्या मेजवानीच्या वर्षी यीस्टचा हा प्रयोग टाळावा. फ्रूट केक त्याहून बराच क्षमाशील आहे.

आता साखरेच्या पदार्थांकडे येते, कारण आपल्या दोन तक्रारी तिथल्या आहेत आणि सर्वांत जास्त समजून घेण्यासारखे काही असेल तर तेही तिथेच आहे. साखरेचा पाक उकळत असतो तेव्हा त्यातले पाणी कमी होत जाते आणि तसतसा त्याचा उत्कलनांक चढत जातो, म्हणून पाकाचे तापमान हे त्यात उरलेल्या पाण्याचे मापच असते. ११२ ते ११६ अंशांवर पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला तर बोटांनी दाबता येईल अशी मऊ गोळी होते. फज इथे उतरवतात. ११८ ते १२० अंशांवर गोळी घट्ट होते. मऊ कॅरमेल इथले. १२१ ते १३० दरम्यान पक्का गोळीबंद पाक होतो आणि नूगा (अंड्याचा पांढरा बलक व सुकामेवा घातलेली मिठाई) त्यावर करतात. १४९ ते १५४ अंशांवर थेंब काचेसारखा कडक होऊन तुटतो; बदामाची कडक टॉफी आणि ब्रिटल (चिक्कीसारखी कुरकुरीत मिठाई) तिथे होतात. मऊ गोळीच्या पाकात सुमारे पंधरा टक्के पाणी असते, कडक पाकात जेमतेम एक टक्का. एक-दोन अंशांचा फरक दिसायला किरकोळ असला तरी वडीच्या पोतात तो स्पष्ट जाणवतो, त्यामुळे पाकाच्या कामात अंदाजाने चालू नये. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून तपासावा आणि तो १०० ऐवजी ९८ दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून दोन वजा करावेत. उंचावरच्या गावी पाणीच कमी तापमानाला उकळते, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी, आणि तिथेही हीच वजाबाकी लागू पडते.

फज रवाळ का झाले, याचे उत्तर साखरेच्या स्फटिकांत आहे. फजमध्ये स्फटिक असतातच. ते जिभेला जाणवू नयेत इतके बारीक असणे म्हणजे चांगले फज. पाक गरम असताना ढवळला, किंवा पातेल्याच्या कडेला चिकटलेला साखरेचा एखादा दाणा आत पडला, तर त्याच्याभोवती साखर जमत जाते आणि थोडेच पण मोठे स्फटिक तयार होतात. पाक निम्म्याहून अधिक गार झाल्यावर जोरात घोटला, तर असंख्य स्फटिक एकदम बनतात आणि कोणालाच वाढायला जागा मिळत नाही. म्हणून ३५० ग्रॅम साखर, ३०० मिलिलिटर साय न काढलेले दूध आणि १०० ग्रॅम लोणी मंद आचेवर ठेवून साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे, आणि तोपर्यंत उकळी येऊ देऊ नये. पातेले मिश्रणाच्या चौपट मोठे आणि जाड बुडाचे घ्यावे, कारण दूध उतू येते. साखर विरघळली की कडा ओल्या ब्रशने पुसून घ्याव्यात. मग मध्यम आचेवर, दूध तळाला लागू नये इतपतच अधूनमधून डाव फिरवत, ११५ अंशांपर्यंत न्यावे. आचेवरून उतरवल्यावर व्हॅनिला वर घालून ठेवावा आणि तापमान ४५ ते ५० अंशांवर येईपर्यंत पातेल्याला हात लावू नये. या वेळी धीर सुटतो आणि बहुतेकांचे फज इथेच बिघडते. त्यानंतर लाकडी डावाने चकाकी जाऊन मिश्रण दाट होईपर्यंत घोटावे आणि लगेच कागद लावलेल्या ट्रेमध्ये ओतावे. एक मोठा चमचा ग्लुकोज सिरप साखरेबरोबर घातला तर मोठे स्फटिक बनण्यास अडथळा होतो. नव्या हातांनी तो अवश्य घालावा. एवढे करूनही फज रवाळ झालेच तर ते टाकू नये. अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर सगळे स्फटिक विरघळवावेत आणि पुन्हा त्याच रीतीने ११५ पर्यंत न्यावे. ते उत्तम सुधारते.

टॉफी चिकट होण्याचे कारण वेगळे आहे. कडक पाकाची टॉफी हवेतला ओलावा ओढून घेते, आणि तो आधी पृष्ठभागावर मुरून तिथे पुन्हा पाक तयार करतो. त्यामुळे पाक पुरेशा तापमानाला नेणे जितके महत्त्वाचे तितकेच तो गार झाल्याबरोबर हवेपासून दूर करणे महत्त्वाचे असते. टॉफी ट्रेमध्ये उघडी ठेवून रात्र जाऊ देऊ नये. हाताला गार लागताच तुकडे करून प्रत्येक तुकडा बटर पेपरमध्ये किंवा सेलोफेनमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात भरावा. टॉफी फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नये, कारण बाहेर काढताच तिच्यावर दव धरते. पावसाळी किंवा दमट दिवशी साखरेचे काम शक्यतो पुढे ढकलावे आणि ते शक्य नसेल तर पाक नेमलेल्या पल्ल्याच्या वरच्या टोकाला उतरवावा. लोणी घातलेल्या टॉफीत कधीकधी तूप सुटून वर तरंगते. आच एकदम कमी-जास्त केल्याने तसे होते, म्हणून आच मध्यम आणि ढवळणे सतत सारखे ठेवावे. ब्रिटल करताना शेवटी पाव चमचा खाण्याचा सोडा घातला की पाक फसफसतो, त्यात बारीक बुडबुडे अडकतात आणि दाताखाली ती कुरकुरीत तुटते.

इथे एक सूचना कळकळीने करायची आहे. दीडशे अंशांचा पाक त्वचेला चिकटून बसतो आणि उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी खोल भाजतो. पाकाच्या कामाच्या वेळी लहान मुलांना स्वयंपाकघरात घेऊ नये, शेजारी गार पाण्याचे मोठे भांडे तयार असावे, आणि पाक चाखून पाहण्याचा मोह कोणीही करू नये. मुलांना हात लावू द्यायचा असेल तर त्यासाठी बिस्किटे आहेत.

बिस्किटांत सर्वांत कमी कष्टात सर्वांत चांगले फळ देणारे म्हणजे स्कॉटलंडचे शॉर्टब्रेड. वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा आणि चिमूटभर मीठ, एवढेच त्याचे साहित्य. लोणी थंड असावे आणि कणीक मळू नये, नुसती एकत्र दाबून घ्यावी. मळल्याने मैद्यातले ग्लुटेन, म्हणजे चिवटपणा आणणारे प्रथिन, ताणले जाते आणि बिस्किट चिवट होते. १६० अंशांवर फिकट सोनेरी रंग येईपर्यंत भाजावे. हवाबंद डब्यात ते दोन आठवडे छान राहते. मुलांनी आकार कापायची आल्याची मसालेदार बिस्किटे मध किंवा काकवी घालून केली तर महिनाभर टिकतात, कारण मध ओलावा धरून ठेवतो. सुरुवातीला कडक लागली तरी डब्यात ती हळूहळू मऊ पडतात. मात्र ही मऊ बिस्किटे आणि शॉर्टब्रेड कधीही एका डब्यात ठेवू नयेत. ओलावा जास्त ठिकाणाहून कमी ठिकाणी जातो, आणि दोन दिवसांत खुसखुशीत बिस्किटे सादळतात. वरचे पांढरे आयसिंग अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकाऐवजी पाश्चराइज केलेला बलक किंवा त्याची पूड वापरून करावे, विशेषतः पाहुण्यांत लहान मुले, वयस्कर किंवा गरोदर स्त्रिया असतील तेव्हा.

चॉकलेटच्या ट्रफल्ससाठी, म्हणजे मलईदार गोळ्यांसाठी, वजनाने दोन भाग गडद चॉकलेट आणि एक भाग गरम मलई एकजीव करावी. ती फ्रीजमध्ये आठवडाभर राहते. बाहेरून चॉकलेटचा चकचकीत थर द्यायचा असेल तर चॉकलेट ४५ ते ५० अंशांवर वितळवून, २७-२८ अंशांपर्यंत ढवळत गार करून, पुन्हा ३१-३२ अंशांवर आणावे लागते. वेळ नसेल तर कोकोच्या पुडीत घोळवलेली ट्रफल्स तितकीच देखणी दिसतात, आणि मेजवानीच्या आठवड्यात मी तोच मार्ग सुचवीन.

प्रमाणाबद्दल एक निरीक्षण. जेवणानंतर माणशी केकचा एक तुकडा आणि तीन-चार छोटे गोड घास यापलीकडे कोणाचाही हात जात नाही. म्हणून चार प्रकार पुरेसे आहेत, आणि ते पोताने वेगळे असावेत: एक मऊ, एक कडक, एक खुसखुशीत, एक मलईदार. आठ प्रकार केले तर प्रत्येकाचा निम्मा भाग उरतो आणि करणाऱ्याची शक्ती मात्र पूर्ण खर्च होते.

मुख्य जेवणात टर्की किंवा मोठी कोंबडी भाजायची असेल तर हाडासकट कच्चे वजन माणशी साधारण अर्धा किलो धरावे. पंचवीस जणांसाठी बारा किलोंचा एकच पक्षी घेण्यापेक्षा सहा-सहा किलोंचे दोन घ्यावेत. मोठ्या पक्ष्यात छातीचे मांस सुकून जाते तरी मांडीजवळचा भाग कच्चाच असतो, आणि बहुतेक घरच्या ओव्हनमध्ये तो मावतही नाही. गोठवलेला पक्षी फ्रीजमध्येच वितळवावा. दर दोन-अडीच किलोंना एक पूर्ण दिवस लागतो, म्हणजे सहा किलोंच्या पक्ष्याला तीन दिवस. ओट्यावर ठेवून वितळवू नये, कारण आतला भाग बर्फासारखा असताना बाहेरच्या भागात जंतू वाढू लागतात. नळाखाली धुऊही नये. त्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओटाभर पसरतात. भाजण्याच्या एक-दोन दिवस आधी दर किलोला दहा ग्रॅम मीठ सर्व बाजूंनी चोळून फ्रीजमध्ये उघडाच ठेवला तर मीठ आतवर जाते, मांस रसदार राहते आणि कातडी कोरडी होऊन कुरकुरीत भाजली जाते. बाजारातून आधीच खारवलेला पक्षी आणला असेल तर मात्र हे मीठ लावू नये. सहा किलोंच्या पक्ष्याला १६५ अंशांवर तीन ते पावणेचार तास लागतात, पण घड्याळावर विसंबू नये. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर ७४ अंश दाखवेल तेव्हाच तो शिजला असे समजावे. सारण पोटात न भरता वेगळ्या भांड्यात भाजावे. उतरवल्यावर अर्धा तास पक्षी तसाच राहू द्यावा. कापताना रस ताटात वाहून जात नाही आणि त्या अर्ध्या तासात मोकळ्या झालेल्या ओव्हनमध्ये बटाटे, गाजर आणि ब्रसेल्स स्प्राउट्स भाजून होतात. शाकाहारी पाहुण्यांसाठी अक्रोड, मशरूम आणि पावाचा चुरा यांचा भाजलेला लोफ आदल्या दिवशी करून ठेवावा. गरम केल्यावर त्याचे काप अधिक नीट पडतात.

आदल्या दिवशीच्या कामात कस्टर्ड आणि ट्रायफल (स्पंज, फळे आणि कस्टर्ड यांचे थर) येतात. अंडी घातलेले दुधाचे पेय (एगनॉग) करायचे असेल तर कच्ची अंडी फेटून तसेच देऊ नये. दूध, साखर आणि अंडी मंद आचेवर ७१ अंशांपर्यंत शिजवून लगेच गार करावे आणि मद्य घालायचे असल्यास नंतर घालावे. फ्रान्समधील ओंडक्याच्या आकाराचा केक करणाऱ्यांनी स्पंज ओव्हनमधून काढताच, गरम असतानाच, पिठीसाखर भुरभुरलेल्या कापडावर कापडासकट गुंडाळून ठेवावा. गार झाल्यावर उलगडून क्रीम लावले तर तो तडकत नाही.

पाहुण्यांना आमंत्रण देतानाच कोणाला काय चालत नाही हे विचारून घ्यावे. नाताळच्या गोड पदार्थांत बदाम-अक्रोड, अंडी, दूध आणि गहू हे चारही असतात, आणि मार्झिपान तर बहुतांशी बदामच असते. ज्यांना सुकामेव्याची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठीचा पदार्थ सर्वांत आधी, धुतलेल्या भांड्यांत करून वेगळ्या डब्यात बंद करावा आणि तो मांडतानाही वेगळ्या ताटात, वेगळ्या चिमट्यासह ठेवावा. केकमधले मद्य भाजण्याने पूर्ण उडत नाही आणि नंतर जिरवलेले तर भाजलेच जात नाही; म्हणून मद्य न घेणाऱ्यांना आणि मुलांना ते स्पष्ट सांगणे हे यजमानाचे कर्तव्य आहे. शक्य असेल तर त्यांच्यासाठी रसात भिजवलेल्या फळांचा लहान केक वेगळा करावा. एक वर्षाखालील बाळाला मधाचा कोणताही पदार्थ देऊ नये, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती अख्खे बदाम किंवा कडक टॉफी पडणार नाही हे पाहावे.

मांडणी करताना गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहतील अशी सोय करावी. मांस, कस्टर्ड आणि मलईचे पदार्थ टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त वेळ राहू देऊ नयेत. ते एकदम सगळे न मांडता लहान भांड्यांत थोडे थोडे बाहेर आणावेत. फ्रूट केक, टॉफी आणि बिस्किटे रात्रभर टेबलावर राहिली तरी चिंतेचे कारण नाही. जेवणे आटोपली की उरलेले मांस हाडांपासून सोडवून उथळ डब्यांत भरावे, म्हणजे ते लवकर गार होते. फ्रीजमध्ये ते तीन-चार दिवस राहते आणि खाण्यापूर्वी ते पुन्हा ७४ अंशांपर्यंत गरम करावे. हाडे त्याच रात्री पाण्यात, एक कांदा आणि थोडी मिरी घालून मंद आचेवर ठेवली तर दुसऱ्या दिवशीच्या सूपची सोय होते.